दुसरा रकाना

गोडदेवच्या तळमजल्यावरच्या आमच्या घराची गॅलरी जाळी ठोकून मी बंद केली होती. रविवारी तिथे मी इलेक्ट्रिक गिटारी करायचो. नोकरी ऑफिसातली, हात फायलींचे. दुकानातली गिटार परवडत नव्हती, म्हणून हा नाद लागला. पाडलेल्या चाळींच्या सागवानी चौकटी भंगारवाल्याकडून आणायच्या, लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळून तारांचा आवाज पकडणारे पिकअप करायचे. तीन वर्षांत दोन गिटारी झाल्या. वाजायच्या नीट, पण दिसायच्या फळीसारख्या.

या नादात मला जोडीदार मिळाला, तो जवळच्या खारीगावातला. वडील खाडीत मासे धरायचे, हा सुतार झालेला. गावच्या हळदींत बँजो वाजवायचा. आमच्याकडे दार बसवायला आला आणि गॅलरीतच रमला.

"मास्तर, मला बी शिकव. बँजो लय झाला," तो म्हणाला. आम्ही एका वयाचे, पण मी कागदावर आकडेमोड करतो म्हणून त्याने मला मास्तर करून टाकलं.

मी शिकवू लागलो. मला गुरू व्हायची हौस होती, हे खरं. पण गिटारीची मान, म्हणजे बोटं फिरतात तो दांडा, घासून गोल करायला मला तीन आठवडे लागले होते. त्याने फुटलेल्या काचेचा तुकडा घेतला आणि गप्पा मारत एका दुपारीत तेच काम केलं. साचा न वापरता त्याने गिटारीच्या अंगाला असा बाक दिला की शेजारचे हात लावून बघायला येऊ लागले. माझ्या गिटारी त्याच गॅलरीत टांगलेल्या होत्या. त्यांना कुणी हात लावला नाही.

एकदा बायको चहा घेऊन आली. त्याने घासलेली गिटारीची मान हातात धरून म्हणाली, "अगंबाई, किती गुळगुळीत. तुमची का हो अशी होत नाही?"

"वहिनी, लाकूड मास्तरचंच हाय," तो हसत म्हणाला. ते खरं होतं. शिसवीचा तो तुकडा मी दोन वर्षं जपून ठेवला होता आणि मोठेपणाच्या भरात त्याला देऊन बसलो होतो. त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

मग फ्रेट बसवायची वेळ आली. फ्रेट म्हणजे मानेवर आडव्या ठोकलेल्या तारा. त्यांच्या जागांवर सूर अवलंबून. ती अंतरं माझ्या वहीत दोन रकान्यांत होती. पहिल्यात एका फ्रेटपासून पुढच्या फ्रेटपर्यंतचं अंतर. दुसऱ्यात प्रत्येक फ्रेटचं मानेच्या वरच्या टोकापासूनचं अंतर. खुणा दुसऱ्या रकान्यावरूनच करायच्या असतात. पहिल्यावरून करत गेलं तर दर खुणेला पेन्सिलीच्या रेघेएवढी चूक होते, आणि बावीस फ्रेटपर्यंत ती साठत जाते. माझी स्वतःची पहिली मान अशीच फुकट गेली होती.

त्याने आकडे मागितले. मी कागदावर पहिला रकाना उतरवून दिला. एकही आकडा खोटा नव्हता. मी मनाशी तेवढंच म्हणत राहिलो.

त्याच्या बहिणीच्या हळदीला ती गिटार वाजणार होती. गावभर सांगून झालं होतं. मीही गेलो. खालचे सूर बरे लागले. हात मानेवर वर सरकला तशी गिटार बेसूर होत गेली. मांडवातून एक म्हातारी ओरडली, "आरं, मांजरीचा पाय मोडला काय?" सगळे हसले. त्याने गिटार उतरवली, बँजो घेतला आणि मान खाली घालून हळद संपेपर्यंत वाजवत राहिला. मला बरं वाटलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा होता. गिटार टॉवेलात गुंडाळलेली.

"तुजा शिसव वाया घालवला मी," तो म्हणाला. "बोलशील ते ऐकतो."

"होतं असं," मी म्हणालो.

"पन चुकलं कुठं माजं?"

सांगायची वेळ हीच होती. मी गिटारीची मान उजेडाकडे धरली, उगाच डोळा बारीक करून पाहिली आणि म्हणालो, "पेन्सिल जाड होती तुझी."

त्याने ते मानलं. फ्रेट उपटून जुन्या खाचा भुसा आणि सरस भरून त्याने बुजवल्या. नव्या खुणा मात्र मला करायला लावल्या. मी दुसऱ्या रकान्यावरून केल्या. पुढच्या लग्नात ती गिटार अशी वाजली की नवरदेवाकडचे उठून त्याच्याभोवती जमले. त्याने माइक ओढला. "खुना आमच्या मास्तरच्या हायत," तो म्हणाला. लोकांनी मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. बायकोचा चेहरा फुलला होता. मला तिच्याकडे बघवेना.

नंतर त्याने सात-आठ गिटारी केल्या, एकेक आधीचीहून देखणी. दर वेळी मान तासून झाली की ती घेऊन तो माझ्याकडे यायचा. "आपला हात त्याला न्हाय," म्हणायचा आणि मी खुणा करेपर्यंत बाजूला बसून पटाशीला धार लावायचा. वही उघडी असायची. तो तिच्यात कधी डोकावला नाही.

दुसरा रकाना दहा मिनिटांत शिकवता आला असता. त्याच्या कामात माझ्यावाचून अडणारी तेवढीच एक गोष्ट उरली होती, आणि ती मला सोडवली नाही.