एका सुरात

चौथीचा वर्ग एका सुरात धडा वाचत होता. मागे बसलेल्या रेणुकाची नजर पुस्तकावर नव्हती, शेजारणीच्या ओठांवर होती. ते हलले की हिचे हलायचे, आवाज न करता. शाळाभेटीला आल्यावर मी तिच्याजवळ बसून पुस्तकातल्या एका अक्षरावर बोट ठेवलं, तर तिने शेजारणीकडेच पाहिलं.

मी म्हटलं, "बाई, हिला अजून अक्षरंच येत नाहीत. हिच्यापुरतं वेगळं काही घेता का?"

"सगळ्यांना धडा एकच. वेगळं घेतलं तर पोरं चिडवतात हो."

म्हणून तिला मुकं ठेवायचं, आणि वर त्याला समानता म्हणायचं? आता कुठल्याही शाळेवरून जाताना त्या सुरात नसलेले आवाजच मला ऐकू येतात.

त्या दिवशी धडा संपल्यावर शेजारणीने तिला विचारलं, "काय गं, भूक लागली का?"

रेणुकाचे ओठ तोच प्रश्न म्हणत राहिले, आवाज न करता.