आबारावांचा विरघळणारा पेपर

आमचे आबाराव आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. गाडीत माणसं कोंबावीत तर त्यांनीच. निवृत्तीनंतर फंडातून त्यांनी लोहाऱ्याजवळ एकरभर रान घेतलं. त्यांच्या सात पिढ्यांतली ही पहिली जमीन. बांधावरून असे चालायचे, जणू कलेक्टरच पाहणीला आलेत!

यंदा त्यांनी कलिंगड लावलं. वाफ्यावर अंथरायला मल्चिंग पेपर हवा होता. म्हणायला पेपर, असतं प्लास्टिकच.

"साधा कशाला? हा विरघळणारा घ्या," दुकानदार म्हणाला. "उन्हानं भुगा होतो. गोळा करायची कटकट न्हाय."

कटकट नाही म्हटलं की आबाराव काहीही विकत घेतात. घेतला.

फळं काढून झाली आणि खरंच, उन्हानं पेपर पापडासारखा मोडू लागला. मातीत दाबलेल्या कडांना मात्र ऊन लागलंच नव्हतं. त्या नव्यासारख्या चिवट. त्या उपटायच्या सोडून आबारावांनी वरून माती घुसळणारा रोटाव्हेटर फिरवला. "मातीत गेलं की खतच!"

दुसऱ्या दिवशी अख्खं रान चमचम करायला लागलं.

"आबाराव, रानाला जरीचं लुगडं नेसवलं व्हय?" शेजारचा गुंडाप्पा बांधावरून ओरडला.

"विरघळतंय ते!"

विरघळत काही नव्हतं, बारीक होत होतं. आबाराव वेचायला बसले. चिमटीत एक तुकडा धरावा, तर त्याचे चार व्हायचे. सुरुवातीला "उतरा, उतरा, शेवटचा थांबा आलाय," असं त्या तुकड्यांना दरडावत ते हसत वेचायचे. पुढं हसणं थांबलं. जेवायला हाक मारली तरी उठेनात.

परवा मी गेलो, तर ते बादलीत माती कालवत होते. माती तळाशी बसली, भुगा वर तरंगला. फडक्यानं गाळला, तर निम्मा फडक्यातून खाली उतरला.

"आता सगळं रान धुणार व्हय?" त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी विचारलं.

"धुतो की. दुसरं काय करू? बापाला माझ्या मरेपर्यंत मूठभर माती मिळाली न्हाय. मला मिळाली, ती म्या नासवली."

आबारावांनी ते भुग्याचं गढूळ पाणी ओतायला बादली उचलली आणि बांधावर जाऊन थबकले. पलीकडं गुंडाप्पाचं रान, अलीकडं त्यांचं, खाली ओढा.

"कुठं ओतू गं?"

आबाराव भरली बादली धरून तसेच उभे राहिले.