जाईबाईची डावी गाठ

जाईबाई दिघीला राहते. मूळची जालन्याकडची. चाकणच्या एका कारखान्यात नऊ वर्षं ठेकेदारामार्फत कामाला होती. रेल्वे इंजिनाच्या थ्री-फेज मोटारी असतात, त्यांच्या तांब्याच्या कॉइलवर अभ्रकाची टेप गुंडाळायची. जुन्या मोटारींत कार्बनचे ब्रश घासायचे, झिजले की बदलायचे. नव्या मोटारीत ब्रशच नाहीत. पण तिला करंट मिळतो तो तोडून तोडून, सेकंदाला शेकडो धक्के देत. ते सगळे सोसायचे जाईबाईच्या टेपने. साहेबलोक या इंजिनांवर भाषणं ठोकतात. बाईच्या बोटांचं नाव कोणी काढत नाही.

काम तिचं, पण कागदावर सही कायम नोकरीतल्या कामगाराची. म्हणून जाईबाईने स्वतःची खूण ठेवली होती. शेवटच्या फितीची गाठ ती डाव्या बाजूने मारायची. आख्ख्या शॉपमध्ये तशी दुसरी कोणी मारत नव्हती.

मार्चमध्ये एक मोटार टेस्टिंगलाच जळाली. सुपरवायझर ज्योतीरामने थेट जाईबाईकडे बोट केलं. "कॉइल तुझी निघाली तर उद्यापासून गेट बंद." तिने मला फोन केला. कामगारांची भांडणं मी भांडतो. कायदा शिकलो तोही गेटवर उभं राहून.

"मावशी, काही कबूल करायचं नाही," मी बजावलं. "गाठ उजवी निघाली तर यांची वरात काढतो. डावी निघाली तरी गप्प बसा. तुमची खूण यांना काय माहीत?"

"बरं भाऊ."

चौकशीला मॅनेजर, ज्योतीराम आणि आम्ही दोघं. टेबलावर जळकी कॉइल. व्हार्निशने गाठ दगडासारखी झालेली. डावी.

मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

"माझीच हाय," जाईबाई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. ज्योतीराम हसला, "घ्या पुढारी!"

"हसू नका साहेब. त्या दिवशी टेप अरुंद आली व्हती. पयल्या वेढ्यावर दुसरा अर्धा चढवायचा, ही रीत. अरुंद टेपला वेढे जास्त लागत्यात. म्या तुमाला इचारलं. तुमी काय म्हणलात?"

ज्योतीराम कागद चाळायला लागला.

"म्हणलात, वेढे तेवढेच मार, माल आजच काढायचाय. म्या मारले. तितं माझं चुकलं." मग ती मॅनेजरकडे वळली. "त्या दिवशी चौदा कॉइल केल्या. ही एक. बाकीच्या दोन मोटारींत बसल्या, अन् त्या मोटारी पास हून गेल्या. माघारी बोलवा. चालत्या इंजिनात जळतील."

"लिहून द्याल?" मॅनेजर म्हणाला.

"सही येती मला."

नऊ वर्षांत तिथल्या कागदावर तिची ही पहिली सही. दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या जोरावर तिचा गेटपास काढून घेतला. ज्योतीराम अजून तिथेच आहे.

चौकशीच्या दिवशी बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडलो होतो, आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "केस हातात होती, मावशी!"

"केस तुमची व्हती भाऊ," ती पदर खोचत म्हणाली. "वेढे माझे."

त्या दोन मोटारींबद्दल मी तीन पत्रं टाकली. एकालाही उत्तर नाही. जाईबाई आता भोसरीत पुठ्ठ्याची खोकी चिकटवते. भेटली की स्वतःच्या नोकरीचं अवाक्षर काढत नाही. "आल्या का माघारी?" एवढंच विचारते.

मी दुसऱ्याच कुठल्यातरी गेटचा विषय काढतो.