माझं क्षितिज आणि हाजराआपांचं नख

शनिवार, ७ फेब्रुवारी २००९, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. ठाण्याच्या क्लासमध्ये, चौदा जणांदेखत, आमच्या सरांनी माझ्या ऑइल पेंटिंगवर स्टीलची फूटपट्टी ठेवली आणि जाहीर केलं, की माझं क्षितिज डावीकडे कललंय.

चित्र म्हणजे नक्कल. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रकाराचं निसर्गचित्र... सपाट शेतं, लांब एक पवनचक्की आणि बाकी सगळं आकाश. जुन्या उस्तादांची नक्कल केल्याशिवाय हात तयार होत नाही, हे सरांचंच म्हणणं. दोन महिने घातले मी त्यात.

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले... "मॅडम, वयाप्रमाणे डोळ्यांत फरक पडतो. पुढच्या शनिवारपर्यंत सुधारलं नाही, तर नवशिक्यांच्या फुलदाणीच्या बॅचला बसा."

फुलदाणी. तेहतीस वर्षं भूमिती शिकवलेल्या बाईला. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर्सनी माझ्या हातावर पट्टी मारली असेल, पण वहीतल्या रेषेवर कधी नाही.

चित्र उचललं आणि तडक भिवंडीला घरी आले. सोमवारी डोळे तपासून घेतले. नंबरसुद्धा बदललेला नाही, म्हणाले डॉक्टर. मग चूक कुठे होती? खरं सांगते, धास्ती बसली होती. रिटायर झाल्यावर जीव रमावा असं हे एकच सापडलं होतं...

त्यात बुधवारी भर पडली. चूक सापडेना, म्हणून नुसतं आकाश पुन्हा रंगवून गॅलरीत वाळत ठेवलं, तर घरामागच्या लूममधले कापसाचे तंतू उडून ओल्या निळ्यावर बसले. तणतणत गेले हाजराआपांकडे. लूम त्यांच्या मुलाचे, पण कापडाचे तागे चाळीस वर्षं त्याच तपासतात. माझ्या चित्राचं जाडं कापडही त्यांच्याकडचंच. भिवंडीत राहून तयार कॅनव्हास कोण आणणार?

जे बोलू नये तेही बोलले मी. आपांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपला चिमटा उचलला आणि माझ्यामागून घरी आल्या. खुर्ची ओढून एकेक तंतू वेचला. रंगाला धक्का नाही.

मग त्यांनी क्लासमधल्या एकानेही न केलेली गोष्ट केली. चित्र उलटं करून पाठ पाहिली आणि एका धाग्यावरून नख फिरवलं.

"बाई, हात तुमचा सीधा हाय. कपडा तिरपा ठोकलाय."

झालं होतं असं, की मी चौकोन आखून नक्कल केली होती. कापडावर पांढऱ्या रंगाचं अस्तर पातळ दिल्यामुळे विणीचे धागे दिसत होते. त्यांच्यावरूनच रेषा मारल्या... या गावात धाग्याच्या सरळपणावर संशय कोण घेतो? पण फ्रेमवर ठोकताना कापड मीच तिरकं ओढलं होतं. मग चौकोन तिरपे, क्षितिज तिरपं, पवनचक्कीसुद्धा. वर फूटपट्टी लावून पाहणं मला कमीपणाचं वाटलं होतं.

खिळे काढले. आपांनी धागा धरला, मी ठोकत गेले. रंग अजून मऊ होता, म्हणून तडा गेला नाही. शेवटी पट्टी ठेवली... केसाचाही फरक नाही. ताग्यावर फिरवतात तसा आपांनी कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पास."

मी माझ्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी चहा मागितला.

आपा, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही. दोन महिने मी आकाशाकडे पाहत होते, तुम्ही कापडाकडे पाहिलंत... आणि सर, तुमचेही आभार. तुम्ही पट्टी ठेवली नसती तर मी ते वाकडं क्षितिज फ्रेम करून हॉलमध्ये लावलं असतं.

पण माझ्या डोळ्यांबद्दलचं वाक्य मागे घ्या. हा ब्लॉग तुम्ही वाचता, मला ठाऊक आहे. शनिवारी, १४ तारखेला, चित्र घेऊन येते. दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या आत उत्तर हवं. लेखी.