कुलूपवाल्या मावशी

पालघरच्या आमच्या महिला वाचनालयात मावशींनी हसून स्वागत केलं, असं सांगणारी एकही बाई मला भेटलेली नाही. दाराशी खुर्ची, कमरेला किल्ली आणि नजर थेट आलेल्या बाईच्या हातांवर. "मच्छी कापून आलीस? जा, धुवून ये," असं त्या सातपाटीच्या बायकांनाही सुनवायच्या. स्वतः सातपाटीच्याच. नवरा समुद्रात गेला तो परतला नाही. तेव्हापासून त्या या खुर्चीत होत्या.

बोईसरहून मी पहिल्यांदा गेले आणि वाचता वाचता पानाचा कोपरा दुमडला. "तुझा कान असाच दुमडू काय?" मावशी म्हणाल्या. मी बरेच दिवस फिरकले नाही. पुन्हा गेले, तर तेच पुस्तक त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेलं. "अर्धं सोडायचं तर घेतलंस कशाला गो?"

एका संक्रांतीला कार्यकारिणीने वाचनालयात हळदीकुंकू ठरवलं. स्त्रियांची संस्कृती जपायची, असं अध्यक्षबाईंचं म्हणणं. मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, त्या दिवशी तुम्ही सुट्टी घ्या हं. सवाष्णींचा कार्यक्रम आहे."

संक्रांतीच्या संध्याकाळी बायका नटून, वाणाची ताटं घेऊन आल्या, तर दाराला कुलूप आणि कुलपासमोर खुर्चीत मावशी.

"माझ्या हातचं पुस्तक चालतं, तोंड नाय चालत? मी भायेर, तर तुमी पण भायेर."

हळदीकुंकू अध्यक्षबाईंच्या गच्चीवर झालं. त्यानंतर कार्यकारिणीतली एकही बाई मावशींशी धड बोलली नाही. पुस्तकं मात्र सगळ्या त्यांच्याच हातून नेत राहिल्या. मावशी आजारी पडल्या तेव्हा कुणी बघायलाही गेलं नाही. मी गेले, तेव्हा त्यांनी उशाखालची किल्ली माझ्या हातात दिली. "संभाळ. त्यांच्याकडे नको देऊ."

गेल्या पावसाळ्यात मावशी वारल्या. शोकसभेत अध्यक्षबाई रडल्या. भिंतीवर मावशींचा फोटो लागला, आणि यंदाच्या संक्रांतीला त्याच फोटोखाली, त्यांच्याच स्मरणार्थ, हळदीकुंकू ठरलं. माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मला अध्यक्षबाईंचा फोन आला. तोच गोड आवाज.

"ताई, दार तेवढं उघडून ठेवा आणि घरी जा. तुमचा तिळगूळ मी बाजूला ठेवते."

मी वेळेआधीच गेले. मावशींची खुर्ची बाहेर काढली, दाराला कुलूप घातलं आणि त्याच्यासमोर बसले. पहिली बाई ताट घेऊन आली, तेव्हा माझी नजर आधी तिच्या हातांवर गेली.