दुर्बिणीची छत्री

सरकार आपल्या सेवेतल्या कोणालाही उन्हात उघडं ठेवत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आसपास नव्या रस्त्यांची मोजणी करत होतो, तेव्हा आमच्या तुकडीला सरकारने एक भलीमोठी छत्री दिली होती. जाड पांढरं कापड, आतून हिरवं अस्तर, पुरुषभर उंचीचा दांडा. ती दुर्बिणीसाठी होती.

दुर्बीण म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायचं यंत्र. ते तिपाईवर बसवायचं, त्याच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणायचा आणि लांबवर उभ्या धरलेल्या पट्टीवरचे आकडे वाचायचे. एका बाजूने ऊन लागलं की धातू तापतो, बुडबुडा सरकतो, आकडा चुकतो. म्हणून यंत्रावर कायम सावली हवी. छत्री धरणाऱ्याने तिपाईला पाय लागू नये म्हणून हातभर दूर आणि सूर्य असेल त्या बाजूला उभं राहायचं. म्हणजे तुकडीत सगळ्यात जास्त ऊन छत्री धरणाऱ्याला लागे. ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली. मी तेव्हा पुष्कळ वाचत असे.

अशा माणसाला आमच्या खात्यात खलाशी म्हणत; समुद्राशी त्याचा संबंध असावा लागत नसे. आमचे छत्रीवाले खलाशी संगमेश्वरकडच्या आतल्या गावचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंच्या अंगाला जन्मापासूनच रंग नव्हता. कातडी, केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. डोळे उन्हात सतत मिटलेले. कुठल्याही गावात शिरलो की पहिली खुर्ची आणि पहिलं शहाळं त्यांच्या वाट्याला येई, कारण लोक त्यांना विलायती इंजिनिअर समजत. भाऊ शहाळं शांतपणे संपवत, तोंड पुसत आणि मग माझ्याकडे बोट दाखवत.

"साहेब ते. आमी नुसती छत्री धरतो."

असा माणूस उन्हातल्या कामावर घेतला कोणी, हा प्रश्न मीही एकदा विचारला. उत्तर सरळ होतं. त्यांना लांबचं दिसत नसे. पट्टी सरळ धरली आहे की नाही ते कळत नसे, अंतर मोजायच्या साखळीच्या कड्या मोजता येत नसत. छत्री धरायला नजर लागत नाही. म्हणून छत्री.

एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला फोड आला. खपली धरे, पडे, पुन्हा रक्त येई. तीन महिन्यांनी मी त्यांना बळेच इस्पितळात नेलं. कातडीचे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी भिंग लावून कान पाहिला, मग हात पाहिले, मग मला विचारलं, "हे काय काम करतात?"

"छत्री धरतात."

"कोणावर?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. ही साधी जखम नाही, एवढा भाग कापून काढावा लागेल, म्हणाले. आणि पुढे ऊन टाळलं नाही तर दुसरीकडे येईल, तेव्हा एवढ्यावर भागणार नाही.

"सावलीतलं काम बघा," ते भाऊंना म्हणाले.

"बघतो की," भाऊ म्हणाले. "पावसाळ्यानंतर."

कारण मला ठाऊक होतं. भाऊ आठ वर्षं रोजंदारीवर होते. पावसाळ्यानंतर कायम करणाऱ्यांची यादी लागायची होती, तिच्यासाठी त्यांचं नाव गेलं होतं, आणि हजेरीत खंड पडला तर ते नाव निघणार होतं. इस्पितळात पडून राहणं हाही खंडच. घरी बायको आणि तीन मुली. कान आणि नोकरी यांत त्यांनी नोकरी निवडली होती, आणि ते इतक्या शांतपणे की मला आधी वाटलं, त्यांना कळलंच नाही.

"निदान काहीतरी लावा," डॉक्टर म्हणाले. "ऊन अडवणारं मलम मिळतं का पाहा."

ते शोधायची जबाबदारी मी घेतली. बाजारातल्या औषधाच्या दुकानात भाऊंना घेऊन गेलो आणि उन्हापासून त्वचा राखणारं काही आहे का, विचारलं. दुकानदार वहीत काही लिहीत होता. त्याने मान वर न करता एक ट्यूब पुढे सरकवली.

"ही घ्या. पंधरा दिवसांत गोरेपणा."

मग त्याने वर पाहिलं. भाऊंनी ट्यूब उलटसुलट करून पाहिली आणि जपून परत ठेवली.

"माजं झालं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाला द्या."

मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्यांचा मुलगा जहाजावर होता. तो खरा खलाशी. सुट्टीवर आला तेव्हा मी त्याच्याकडे गाऱ्हाणं घातलं. त्याने पेटीतून एक बाटली काढून दिली. तपकिरी रंगाची, वर मोठा सूर्य, त्याखाली चाराचा आकडा. तिकडे गोरे लोक किनाऱ्यावर पडताना हेच लावतात, म्हणाला. मी मोठी अक्षरं वाचली: सूर्य, त्वचा, संरक्षण. मला पुरेसं वाटलं. उघडल्यावर खोबरेल तेलाचा वास आला. रत्नागिरीत बोटीने आलेलं खोबरेल तेल बहुधा ते पहिलंच असावं.

भाऊंनी ते चार दिवस लावलं. चौथ्या दिवशी त्यांची मान आणि हातांच्या पाठी शिजवल्यासारख्या लाल झाल्या. संध्याकाळी मी बाटली घेऊन पायरीवर बसलो आणि बारीक अक्षरं वाचली. ते तेल ऊन अडवण्यासाठी नव्हतं. गोऱ्या माणसाला लवकर आणि एकसारखा सावळा रंग चढावा, यासाठी होतं. दुसऱ्या दिवशी मी भाऊंना तसं सांगितलं आणि माफी मागितली.

"म्हंजे काळं व्हायचं औषध?"

"हो. पण तुम्हाला नाही चालणार. तुमच्या कातडीत तो रंगच नाही."

त्यांनी बाटली माझ्या हातून घेतली आणि डोळ्यांजवळ धरली.

"लोक पैसे देऊन काळे होतात?"

"तिकडे होतात."

"मग आनखी थोडे दिवस लावून बघू का?"

मी नको म्हटलं. बाटली मात्र काढून घेतली नाही. ती घ्यायला हवी होती. पुढचा आठवडाभर त्यांनी ते तेल लावलं, मला न सांगता, आणि एका सकाळी कातळावर उभे असताना कानावरच्या फोडातून रक्ताची धार सदऱ्यावर उतरली. दुर्बिणीतून मला समोरची पट्टी अगदी स्वच्छ दिसत होती. शेजारचं रक्त पट्टीवाल्याने ओरडून सांगितल्यावर दिसलं.

डॉक्टरांनी त्याच दिवशी कानाची वरची कड कापली. भाऊ तिसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून कामावर हजर झाले. मधले दोन दिवस हजेरीपटावर ते कुठे होते, हे मी लिहिलं आहे आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही.

टाके काढताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं. बाटलीची हकीगत ऐकून ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"आधी कापड," ते म्हणाले. "पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, मानेवर पंचा. मग वेळ, अकरा ते तीन काम बंद ठेवता येतं का बघा. मलम शेवटी. ते कापडाच्या बदली नसतं, कापड पोचत नाही तिथे असतं."

मलम कोणतं, तर लहान मुलांच्या लंगोटाच्या जागी पुरळ आल्यावर लावतात ते, जस्ताच्या भस्माचं, दाट पांढरं. ते इस्पितळातच खलबत्त्यात घोटून डबीत भरून मिळे. कान, नाक, खालचा ओठ, हातांच्या पाठी. कातळावरून ऊन उलटं वर येतं म्हणून हनुवटीखालीसुद्धा. पातळ चोळायचं नाही, थापायचं. घाम पुसला की पुन्हा. नवरा-बायकोने मिळून ते शिकून घेतलं. सकाळी घरून निघताना त्यांची बायको ते लावून देई, दुपारी मी डबी पुढे करत असे. पट्टीवाला म्हणायचा, "भाऊ, चुना कशाला फासता? भिंत आधीच पांढरी हाय." भाऊंचं उत्तर ठरलेलं असे. "सरकारी भिंत हाय. गळाया लागली मग कोन बघनार?"

उरली सावली. त्या उन्हाळ्यात मोठे साहेब जीपमधून पाहणीला आले. त्यांनी कामगारांच्या कल्याणावर आम्हाला दहा मिनिटं सांगितलं. ऊन फार होतं, म्हणून ते छत्रीखाली सरकले आणि भाऊंनीही छत्री त्यांच्यावर धरली. ती दहा मिनिटं दुर्बीण उन्हात होती. बुडबुडा पार कडेला गेला. भाषण संपल्यावर मी आणखी एका छत्रीची मागणी केली.

"दर यंत्रामागे एक छत्री," साहेब म्हणाले. "माणसांसाठी तशी तरतूद नाही."

ते खोटं बोलत नव्हते. मी नियम काढून पाहिले. मग कोठारात गेलो. तिथे एक जुनी दुर्बीण पडून होती, भिंग फुटलेली, पण कागदोपत्री जिवंत. ती मी आमच्या तुकडीकडे मागून घेतली आणि पाठोपाठ तिच्यासाठी छत्री मागितली. महिन्याभरात छत्री आली. तेव्हापासून मोडकी दुर्बीण रोज पेटीतून निघे, भाऊंच्या पायाशी ठेवली जाई आणि तिची छत्री दगडांच्या ढिगात खोवून उभी केली जाई. तिच्या सावलीत उभं राहून भाऊ दुसरी छत्री चालू दुर्बिणीवर धरत. तरीही ऊन त्यांच्यापर्यंत पोचतच होतं, पण अर्धं.

पावसाळ्यानंतर यादी लागली आणि भाऊ कायम झाले. सेवापुस्तक भरायला मी त्यांच्याबरोबर कार्यालयात गेलो. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता आणि आत बसायचं होतं तरी मलम लावलं होतं. लिपिकाने नाव, गाव, वडिलांचं नाव लिहिलं, मग विचारलं, "ओळखीची खूण? तीळ, डाग, काही?"

"तीळ न्हाय, साहेब."

लिपिकाने चष्मा वर सारून त्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. मग खाली वाकून सुवाच्य अक्षरांत लिहिलं: उजव्या कानाची वरची कड नाही.