हिलालचा उंबरठा

किस्से वाळूसारखे असतात. दुबईत कितीही झाडून काढा, संध्याकाळी खिडकीत पुन्हा थर! दुबईबाहेरच्या आमच्या प्राणी-उद्यानात मी जनावरांची डॉक्टर, सातम हेड कीपर आणि खालिद आमचा अमिराती मॅनेजर. चहाला तिघं जमलो की एक थर वाढतोच, आणि त्यातले निम्मे किस्से हिलालचे.

हिलाल म्हणजे चंद्रकोर. हिमालयातलं काळं अस्वल, छातीवर पांढरी कोर, म्हणून खालिदने हे नाव ठेवलं. कुणीतरी तिला व्हिलात लपवून पाळलं होतं. तिथून सोडवून आमच्याकडे आणली. सगळं आयुष्य सिमेंटच्या पिंजऱ्यात गेलेलं. आम्ही माती आणि झाडं असलेलं मोठं आवार केलं, पण बाईसाहेब उंबरठा ओलांडीनात. वरून निरोप आला की सीझन संपेपर्यंत ती बाहेर आली नाही, तर आवार दुसऱ्या प्राण्याला मिळेल.

*

सातमच्या घरून हापूसची पेटी आली. कुणाला द्यायला नको म्हणून त्याने ती गाडीच्या डिकीत ठेवली. त्या दिवशी हिलाल सारखी दोन पायांवर उभी राही. मी घाबरले. सातम म्हणाला, ती हल्ला करत नाहीये, नीट वास यावा म्हणून उभी राहते. मग नाकाची दिशा बघितली, तर थेट पार्किंग! कसलं नाक म्हणायचं ते! अख्ख्या ऑफिसला आंबे वाटावे लागले.

*

सेफ्टी ट्रेनिंगमध्ये खालिद सांगत होता: अस्वल समोर आलं तर पळायचं नाही, ते आपल्यापेक्षा जोरात पळतं. झाडावरही चढायचं नाही, तेही चढतं. पाठ न दाखवता, हळू आवाजात बोलत, त्याला वाट देत सावकाश मागे सरकायचं.

अकाउंट्समधले कुलकर्णी म्हणाले, "म्हणजे इन्क्रिमेंट मागून केबिनमधून बाहेर पडतो, तसंच की."

*

रोज सकाळी आम्ही कुंपणाबाहेर उभे राहून दार उघडायचो. हिलाल उंबरठ्यापर्यंत यायची, फुत्कारायची, दात वाजवायची, जमिनीवर पंजा आपटायची. व्हिजिटर म्हणायचे, काय रागीट आहे! राग कसला, घाबरलेलं अस्वल असंच करतं. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उंबरठ्यावर हजर. तिच्या हिमतीचं मला फार कौतुक वाटायचं.

*

एका शुक्रवारी तिने एक पंजा बाहेर काढला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. तेवढ्यात काचेपलीकडे एक आई मुलांना म्हणाली, "यल्ला, यल्ला, चलो!" मुलं म्हणाली, "फाइव्ह मिनिट्स, मम्मा!" आणि हिलाल गर्रकन वळून आत, थेट कोपऱ्यात जाऊन बसली.

तेव्हा कुठे आमची ट्यूब पेटली. त्या व्हिलात 'यल्ला', म्हणजे 'चल, चल', म्हणत तिला पिंजऱ्यात कोंडत असणार. आणि आम्ही इतके दिवस काय करत होतो? दार उघडून प्रेमाने हाका मारत होतो, "यल्ला, हिलाल, यल्ला!"

दुसऱ्या दिवशी व्हिजिटर बंद, बोलणं बंद. खालिदचं वाक्य त्या शब्दाशिवाय सुरूच होत नाही, म्हणून त्याने तोंडात खजूर धरला. हिलाल आली. एक पंजा मातीवर, मग दुसरा. माती हुंगली, उकरली, त्यात लोळली. मग उठली ती सरळ घाफच्या झाडावर! आखूड, बाकदार नखं खोडात रोवत, जन्मभर हेच केल्यासारखी सरसर चढली. सातम डोळे पुसत होता, मीही.

बंद करायची वेळ झाली. तिला आत घ्यायला हवं होतं, आणि तिला आत नेणारा एकच शब्द आमच्याकडे होता. खालिदने खजूर गिळला आणि अगदी हळू म्हटलं, "यल्ला, हिलाल."

तिने वरून आमच्याकडे पाहिलं. मग तोंड वाऱ्याकडे वळवलं आणि फांदीवर नीट बसली.

खालिद सातमला म्हणाला, "दरवाजा खुला रखो. अब वो सुनती नहीं."